दरवर्षी आखाड-श्रावणातच कावीळ कामून येते? बिल्डिंगमधी चार जण पडलेत

गॅलरीतून_गारखेडा (५ ऑगस्ट, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. संभाजीनगरला राहतो, १२ फ्लॅटची जुनी बिल्डिंग आहे. लहान भाऊ २६ वर्षांचा, एमपीएससीचा अभ्यास करायलाय, त्याला २४ जुलैपासून बारीक ताप अन् मळमळ. आधी वाटलं अभ्यासिकेत बसून बसून आणि बाहेरचा वडापाव खाऊन पित्त झालं असंल. पण आईनं वरणाला फोडणी दिली की हा नाक धरून गॅलरीत पळायला लागला, एरवी लसणाच्या फोडणीवर अर्धं पातेलं संपवणारा माणूस. २९ तारखेला सकाळी ब्रश करताना आरशात बघून म्हणला, दादा माझे डोळे बघ बरं. पिवळेजर्द. लघवी तर करडीच्या तेलावानी. रक्त तपासलं तर काविळीचं बिलिरुबिन ९ आलं, लिव्हरचं एसजीपीटी अडीच हजाराच्या वर अन् हिपॅटायटीस ए पॉझिटिव्ह.

बरं आम्ही एकटेच नाहीत. तळमजल्यावरचे काका, दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजची पोरगी अन् आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बँकेतले एक साहेब, सगळे आठ-दहा दिवसांत पडले. डॉक्टर म्हणले "सीझन चालू आहे, घाबरू नका". आता मला हेच समजंना. आंब्याचा सीझन असतो, लग्नाचा सीझन असतो, काविळीचा कसला सीझन? एप्रिल-मेमधी नळ आठ-आठ दिवस यायला तयार नव्हता, टँकर मागवले, टँकरच्या पाण्यात शेवाळ निघालं तरी बिल्डिंगमधी कुणाला शिंक आली नाही. आता पाऊस चांगला झाला, नाथसागरात पाणी आलं अन् आता माणसं पडायलीत. उलटं व्हायला पाहिजे ना?

अजून दोन गोष्टी. घरात आरओ आहे, तरी झाली. आणि माझा पोरगा ४ वर्षांचा, काकाच्या ताटातच जेवतो, त्याला काहीच नाही, टणटणीत आहे. वरच्या मजल्यावर एक वहिनी सातव्या महिन्यात आहेत, त्यांच्या सासूबाईंनी आमच्या घरची वाटी घेणं बंद केलंय (राग नाही, त्यांचं बरोबरच आहे). मुंबई-पुण्याकडं पण याच टायमाला असतं का हे फक्त आपलंच नशीब?

लॅबवाला_बाबू (५ ऑगस्ट, रात्री ११.२५)

दादा, १२ वर्षं झाली रक्त ओढायलोय, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं, फक्त अर्धं सांगितलं. आमच्या लॅबमधी दरवर्षीचं ठरलेलं आहे, जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की ट्यूबमधलं सीरम, म्हणजे रक्ताच्या वर सुटणारं पाणी, पिवळं दिसायला लागतं, मशीनवर लावायच्या आधीच कळतं. नंतर जरा थांबतं, अन् सप्टेंबरचा परतीचा पाऊस जोरात झाला तर दसऱ्याच्या पुढं परत थोडे येतात.

पण मुद्दा असा की आज डोळे पिवळे झाले म्हणजे काल-परवा काही खाल्लं असं नसतं. हा विषाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. पेशंट येतो अन् सांगतो परवा पाणीपुरी खाल्ली हो, त्याच्यानंच झालं. त्या पाणीपुरीवाल्याला फुकट शिव्या. परवाचं नाही, गेल्या महिन्याचं आठवायचं असतं, अन् गेल्या महिन्यात आपण काय खाल्लं-प्यालं हे कुणाला आठवत नाही, तिथंच सगळा घोळ आहे. तुम्ही म्हणता ना पाऊस चांगला झाला अन् आता माणसं पडायलीत, तर ती आताच्या पावसानं नाही पडली, मृगाच्या नाहीतर आर्द्राच्या पहिल्या मोठ्या पावसानं पडलीत.

आता तुमचा हिशोब करू. भावाला २४ जुलैला ताप, त्यातून २८ दिवस वजा केले की २६ जून येतो. बाकीच्या तिघांचं पण त्याच्याच मागंपुढं येतं का बघा. आणि चौघं आठ-दहा दिवसांत पडले हे महत्त्वाचं. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं लागत गेलं असतं तर मधी दोन-चार आठवड्यांचं अंतर पडलं असतं. सगळे एकदम पडले म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ठिकाणचं काहीतरी पोटात घेतलंय. तेव्हा २० जून ते १ जुलै बिल्डिंगमधी काय काय झालं ते आठवा. बारसं, वाढदिवस, मोठा पाऊस, पाइप फुटला, काही पण.

उन्हाळ्यात अजिबात नसती असं नाही हां. मे-जूनमधी एक-एक करून येतात, त्यातले बरेच रसवंती, गोळा अन् लग्नातला मठ्ठा सांगतात. बर्फात हा विषाणू मरत नाही. रसवंतीवर कधी नीट बघा, बर्फाची लादी पोत्यात गुंडाळलेली, ती फुटपाथवर ठेवून सुंब्यानं फोडायची, चुरा हातानं ग्लासात, अन् उष्टा ग्लास एकाच बादलीत दोनदा बुचकळून पुढच्याला. पण तिथं ज्याचा ग्लास खराब तो एकटा पडतो. पावसाळ्यात पाण्याची लाइन नाहीतर टाकीच खराब होते, मग अख्खी गल्ली पडते, म्हणून सीझन वाटतो.

पोराचं म्हणाल तर सहा वर्षांखालच्या दहातल्या सात पोरांना लागण होऊन काही दिसतच नाही. मोठ्यांमधी उलटं, दहातल्या सातांपेक्षा जास्तीला कावीळ दिसते. म्हणजे तुमचं पोरगं टणटणीत असलं तरी त्याला होऊन गेलेलं असू शकतं अन् त्याच्या शीतून विषाणू पडत असू शकतो. त्याचे हात साबणानं धुवा, कोरोनातलं सॅनिटायझर याच्यावर नीट चालत नाही.

परभणीकर_भाऊ (६ ऑगस्ट, सकाळी ७.१०)

एवढं गणित कशाला पाह्यजे. आमच्या गावाकडं एक बाबा आहेत, काविळीची माळ घालतेत. डोक्यात घालायची, जशी कावीळ उतरंल तशी माळ लांबत लांबत गळ्यात अन् मग छातीवर येती. माझ्या मेव्हण्याची सात दिवसांत बेंबीपर्यंत आली होती. पैसे घेत नाहीत, नारळ अन् सव्वा रुपाया. तोपर्यंत तेल, हळद, पिवळं सगळं बंद, अन् उसाचा रस दिवसातून चारदा.

पाथरीची_लेक (६ ऑगस्ट, सकाळी ८.३०)

परभणीकर भाऊ, आमच्या आजोबांच्या वाड्यातच हा उद्योग चालायचा, म्हणून सांगते, राग मानू नका. ती माळ ओल्या काड्यांच्या बारक्या तुकड्यांची असते अन् दोऱ्याच्या गाठी विशिष्ट पद्धतीनं मारलेल्या असतात. काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल होतात, दोरा सुटत जातो, माळ लांबते. मी लहान असताना माळ खुंटीला टांगून ठेवली होती, खुंटीला कावीळ नव्हती तरी माळ लांबली. दुसरा प्रकार चुन्याच्या पाण्यानं हात धुवायचा, पाणी पिवळं होतं अन् म्हणायचं बघा कावीळ निघाली. आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, त्याला चुना लागला की पिवळं होणारच.

हे चालतं कारण हिपॅटायटीस ए बहुतेकांची आपोआप बरी होते. माळ घाला नाहीतर नका घालू. माझं भांडण माळेशी नाही, नाकात औषध सोडतात त्याच्याशी आहे, त्यात लोकांच्या नाकाची सालं निघालेली बघितलीत. आणि उसाचा रस पाजायचाच असेल तर वरती लॅबवाल्या दादांनी लिहिलंय ते बर्फाचं वाचा आधी. ज्या ग्लासातनं आजार आला त्याच ग्लासातनं उतारा!

निवृत्त_ओव्हरसियर (६ ऑगस्ट, दुपारी १.०५)

मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, कुठं ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. उन्हाळ्यात पाणी कमी असून माणसं ठीक अन् पावसाळ्यात पाणी असून आजारी, हा प्रश्न मला नोकरीत लागलो तेव्हा पण पडला होता. उत्तर पाइपाच्या बाहेर आहे, आत नाही.

पाइप चोवीस तास भरलेला असला तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो. जॉइंट गळका असला तरी पाणी आतून बाहेर जातं, नुकसान पाण्याचं, तब्येतीचं नाही. पण आपल्याकडं नळ पाच दिवसांनी, आठ दिवसांनी. मधल्या दिवसांत पाइप रिकामा. पाणी बंद केलं की लाइन उतरते, तेव्हा खालच्या भागातून पाणी निघून जातं अन् वरच्या भागात आत ओढ बसते, जसं आपण नळीनं रॉकेल ओढायचो तसं. त्यात भर म्हणजे घरोघरी नळाला थेट मोटर लावलेली. पाणी आलं की गल्लीतल्या वीस मोटरी एकदम सुरू, पाइपात पाणी कमी अन् ओढणारे जास्त. मग गळक्या जॉइंटमधून बाहेरचं जे असेल ते आत येतं.

आता बाहेर काय असतं ते बघा. मे महिन्यात आपली काळी माती हातभर भेगाळलेली असते, पाइपाभोवती ओलसुद्धा नसते, आत यायला बाहेर काही नाहीच. पहिला मोठा पाऊस झाला की पाइप पुरलेला तोच चर पाण्यानं भरतो. बाजूनं ड्रेनेजची लाइन गेलेली असते, चेंबर प्लास्टिकनं तुंबलेले, ते सगळं त्या चरात. शिवाय काळी माती उन्हाळ्यात आकसते अन् पावसात फुगते, दरवर्षी ती पाइपाला पिळते, जॉइंट हलतात. कोकणातल्या जांभ्यात हा त्रास एवढा नाही. म्हणून मी म्हणतो आपल्याकडच्या काविळीत अर्धा हात काळ्या मातीचा आहे. आपल्याच शहरात मलिक अंबरानं ४०० वर्षांपूर्वी नहर आणली, मातीचे नळ, नुसत्या उतारावर वाहती, तिथं मोटरीनं ओढायची भानगड नव्हती. असो, म्हाताऱ्याचं विषयांतर.

नळ आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी प्यायला भरायचं नाही. हे सांगितलं की बाया माझ्याकडं अशा बघतात जसं काही मी सोनं नालीत टाकायला सांगितलं. आठ दिवसांनी आलेलं पाणी सोडून कसं द्यायचं, खरं आहे. सोडू नका, वेगळ्या पिंपात भरा, झाडाला अन् संडासला वापरा.

नळाला क्लोरीन आहे का बघायचं तर ओटी टेस्ट करा, आरोग्य कर्मचाऱ्याकडं किट असतं. पाण्यात थेंब टाकले की पिवळं झालं पाहिजे. इथं पिवळं दिसलं तर चांगलं, डोळ्यात दिसलं तर वाईट. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाशी यायला पाहिजे, पण तेच पाणी हौदात आठ दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातो अन् मग नंतर काही घाण मिसळली तर तिला अडवणारं कुणी नाही. म्हणून गॅलरीतून साहेब, मला एक सांगा. तुमचा हौद जमिनीखाली आहे का? आणि ड्रेनेजचं चेंबर त्याच्यापासून किती फुटांवर आहे?

नांदेडची_मायक्रोवाली (६ ऑगस्ट, रात्री ९.५०)

मी मूळ नांदेडची, आता मुंबईत मायक्रोबायोलॉजी शिकतेय. मुंबईचं विचारलंत ना, तर हो, इथं पण सेम. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रोच्या आकड्यांसोबत हिपॅटायटीसचा आकडा पण रिपोर्टमध्ये असतोच. इथं नळ रोज येतो पण तो पण काही तासच, त्यामुळे काकांनी सांगितलं ते रिकाम्या पाइपाचं गणित इथंही लागू होतं, फक्त काळ्या मातीऐवजी भरतीचं पाणी अन् तुंबलेले नाले.

पण मला वाचताना भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हा सीझन जगात सगळीकडे पावसाळा नाहीये. थंड देशांत पूर्वी हिवाळ्याच्या तोंडाला केसेस वाढायच्या, कारण लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत गरम देशांत फिरून यायचे अन् पोरं शाळेत परत जायची. अमेरिकेत १९९५ ला लस आली अन् पुढं मुलांना सरसकट द्यायला लागल्यावर जुन्या लाटा सपाट झाल्या. चीनमध्ये शांघायला १९८८ च्या जानेवारीत, म्हणजे कडाक्याच्या थंडीत, जवळपास ३ लाख लोकांना झाली! तिथं पाऊस नाही, काही नाही, दूषित पाण्यातले शिंपले लोकांनी अर्धवट उकडून खाल्ले होते. म्हणजे हा विषाणू काही हवामान बघून येत नाही, माणसाची घाण माणसाच्या तोंडापर्यंत पोचायचा रस्ता ज्या महिन्यात मोकळा तो त्याचा सीझन.

आणि लॅबवाल्या दादांच्या "महिना मागं जा" ला दिल्लीचं उदाहरण एकदम फिट आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेनं पात्र बदललं अन् नजफगढ नाल्याचं पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं, जेमतेम आठवडाभर. कावीळ त्या आठवड्यात नाही आली, डिसेंबर-जानेवारीत आली, २९ हजारांच्या आसपास माणसं पिवळी. तेव्हा सगळ्यांना वाटलं हीच आपली नेहमीची ए. तपासणी नव्हतीच, ए चा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलाच १९७३ मध्ये. पुढं पुण्याच्या एनआयव्हीमध्ये (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) जपून ठेवलेल्या सीरमवरून कळलं की ती ए नव्हतीच, ती वेगळीच होती, जिला आपण आता हिपॅटायटीस ई म्हणतो. ई पण पाण्यातूनच येते, लक्षणं तीच, नुसतं बघून डॉक्टरला पण सांगता येत नाही. त्यामुळे बिल्डिंगमधल्या चौघांची ए च आहे का, की एकाचीच तपासलीय अन् बाकीचे "तसंच असंल" म्हणून सोडलेत, हे विचारा. त्या सात महिन्याच्या वहिनींसाठी हा फरक खूप मोठा आहे.

अजून एक. पूर्वी आपल्याकडं दहा वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक पोराला ए होऊन जायची, कळायची पण नाही, अन् जन्मभराचं संरक्षण मिळायचं. माझ्या आजीला विचारलं तुला कधी कावीळ झाली का, ती म्हणे छे, तिला बहुतेक रांगताना होऊन गेली असणार. आता फ्लॅटमध्ये आरओ पिऊन वाढलेली पोरं कोरी राहतात अन् पंचविशीत पहिल्यांदा गाठ पडते, तेव्हा मग एसजीपीटी अडीच हजार. तुमच्या भावाचं तेच झालंय. आरओ वाईट नाही हो, पण तुम्ही दात कशानं घासता, कोथिंबीर कशानं धुता, ताट विसळायला कुठलं पाणी?

लातूरची_सून (७ ऑगस्ट, सकाळी ६.२०)

ताट विसळायचं वाचून २०१६ आठवलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते एप्रिलमधी, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. आमच्याकडं सासूबाईंनी ११ पिंपं लावली होती व्हरांड्यात. एवढंच सांगते, पाणी कितीही चांगलं आलं तरी पिंपात तांब्या बुडवताना बोटं बुडतातच, अन् त्या दिवसांत हात धुवायला पाणी कोण वापरणार. सासूबाईंनी लांब दांड्याचं ओगराळं आणलं बाजारातून अन् पोरांना पिंपाला हात लावायची बंदी. तेव्हा कंजूषपणा वाटायचा.

सिस्टर_ताई (७ ऑगस्ट, दुपारी ३.४५, ड्युटी संपवून)

पटकन लिहिते. वहिनींचं आधी. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटीस ई झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावतात, ए मध्ये असं नसतं. त्यांनी घाबरून वाट्या वेगळ्या करण्यापेक्षा आजपासून पाणी उकळून प्यावं, उकळी म्हणजे बुडबुडे नाहीत, रटरटून किमान एक मिनिट. आणि त्यांच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवावं की बिल्डिंगमध्ये कावीळ आहे. मळमळ-ताप आला तर "दिवस गेलेत म्हणून होतंय" असं धरून बसू नये.

भावाचं: मनानं पॅरासिटामॉल देऊ नका, गावठी काढे तर अजिबात नको, लिव्हर आधीच दमलंय. भूक लागेल ते, थोडं थोडं. तेल-हळद बंद करायची काही गरज नाही, भाकरी-वरण-भात सगळं चालतं, दारू सोडून. पण तो दिवसा गुंगीत राहायला लागला, असंबद्ध बोलला, उलट्या थांबेनात, नाक-हिरड्यांतून रक्त आलं तर रात्र आहे का सकाळ बघू नका, सरळ ॲडमिट. असं हजारात फार थोड्यांना होतं, पण होतं, पन्नाशीच्या पुढं जरा जास्त, म्हणून तळमजल्यावरच्या काकांकडं पण लक्ष ठेवा.

लस आहे. वर्षाच्या पुढच्या पोरांना देता येते, एक प्रकार दोन डोसचा सहा महिन्यांच्या अंतरानं, एक प्रकार एकाच डोसचा. आपल्याकडं सरकारी मोफत यादीत नाही, खासगीत घ्यावी लागते. लागण झालेल्याच्या संपर्कात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घेतली तरी उपयोग होतो. तुमच्या मुलाचं डॉक्टरांना विचारा, त्याला होऊन गेली असेल तर घेऊन नुकसान काही नाही, खिशाला सोडून.

गॅलरीतून_गारखेडा (९ ऑगस्ट, रात्री ११.१५)

मंडळी, सापडलं. सगळं वाचून काल संध्याकाळी खाली मीटिंग घेतली, आधी कुणी ऐकेना, बँकवाले साहेब म्हणले ऑफिसच्या कॅन्टीनमधलं असंल. मग सेक्रेटरी काकांनी सोसायटीचं खर्चाचं रजिस्टर आणलं, तेच जुनं लाल कापडाच्या पाठीचं. त्यात नोंद: "२६ जून, ड्रेनेज चेंबर साफ, ८०० रु." लॅबवाले दादा, २६ जून! मला तर काटा आला. मग सगळ्यांना आठवलं, २४ ला रात्री मोठा पाऊस झाला होता, चेंबर तुंबून पार्किंगमधी घोट्याएवढं काळं पाणी दोन दिवस उभं होतं, आम्ही गाड्या वरच्या बाजूला लावल्या होत्या. हौदाचं झाकण त्याच पार्किंगमधी. हौद जमिनीखालीच आहे ओव्हरसियर काका, अन् चेंबर टेपनं मोजलं, पावणेचार फूट.

आज सकाळी हौद उपसला. आत उतरलेल्या पोरानं बॅटरी मारून दाखवलं, चेंबरच्या बाजूच्या भिंतीत आडवी चीर, करंगळी जाईल एवढी, अन् तिच्याखाली भिंतीवर काळा ओघळ वाळलेला. झाकणाला तर रबरच नाही, कडेला वीट लावून टेकवलेलं. उन्हाळ्यात टँकर खाली करायला पाइप आत सोडायचा म्हणून आम्हीच ते झाकण तोडलं होतं, मीच उभा होतो तिथं, कुणाला बोलणार. तेव्हा कोरडं होतं म्हणून काही झालं नाही.

अन् मायक्रोवाल्या ताई, तुमचा प्रश्न आईला विचारला तर ती म्हणली आरओचं पाणी फक्त माठात, बाकी काकडीची कोशिंबीर, ताटं, दात, सगळं टाकीचंच. बाकी तिघांनी पण ब्लड दिलं, तिघांची ए च आहे. वहिनींची तपासणी नॉर्मल आली, सासूबाईंनी आज खाली येऊन आईला वाटी परत केली, वाटीत शेंगदाण्याची चटणी होती.

भिंतीला आतून प्लास्टर चालू आहे. एकच विचारायचं, आई म्हणती महालक्ष्म्या तोंडावर आल्या, सोळा भाज्या अन् पंगत व्हायची, भावाला घरात ठेवून स्वयंपाक चालंल का? आणि हौद साफ झाला म्हणजे आता बिल्डिंगमधी कुणाला नवीन होणार नाही ना?

सिस्टर_ताई (१० ऑगस्ट, सकाळी ७.३०)

भाऊ त्याला कावीळ दिसायच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात जास्त पसरवत होता, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. डोळे पिवळे झाल्यापासून आठवडाभरानं ते जवळपास संपतं. २९ जुलै अधिक सात, म्हणजे तो ५ ऑगस्टलाच त्यातून बाहेर पडला, तुम्ही पहिली पोस्ट टाकली त्या दिवशी. पंगतीला बसू द्या, पुरण पण खाऊ द्या. वाढायला मात्र यावर्षी दुसरं कुणी, थकवा असतो अजून. आणि कोशिंबिरीच्या भाज्या उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, सोळाच्या सोळा.

निवृत्त_ओव्हरसियर (१० ऑगस्ट, सकाळी ९.००)

प्लास्टर वाळल्यावर हौद भरला की १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. कोरडी टाकू नका, बादलीत कालवून, चुना खाली बसू द्या, वरची निवळी हौदात सोडा, अर्धा तास थांबा. गच्चीवरची टाकी विसरू नका, सगळे हौद घासतात अन् वरची टाकी तशीच ठेवतात. अन् चेंबरचं तोंड उंच करून घ्या, पुढच्या आखाडाच्या आत.

लॅबवाला_बाबू (१० ऑगस्ट, रात्री १०.१०)

नवीन होणार नाही असं नाही दादा. ९ ऑगस्टपर्यंत ज्यांनी ते पाणी पोटात घेतलं त्यांचे ५० दिवस मोजा, २८ सप्टेंबर येतो. तोपर्यंत बिल्डिंगमधी एखादा अजून पिवळा झाला तर हौद परत खराब झाला म्हणून धावपळ करू नका, तो जुन्या हिशोबातला असू शकतो. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा. त्याच्यानंतर कुणी पडलं तर मात्र परत टेप घेऊन खाली उतरा, अन् मला पण कळवा.